२८, २२ आणि १२ : अप्पांच्या लेथचा बासष्ट थाऊंचा हिशेब

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं छोटं जॉबवर्कचं शेड आहे. दोन लेथ (जॉब गोल फिरवून टूलनं कापायचं मशीन), एक मिलिंग आणि एक जुनं शेपर, ज्याच्यावर आता जास्त करून डबे ठेवले जातात. गेल्या पावसाळ्यात सकाळी सकाळी अप्पांचा फोन. "अरे, तो क्रॉस स्लाइडचा नट परत गेला बघ." क्रॉस स्लाइड म्हणजे टूलला जॉबकडे आत-बाहेर नेणारी आडवी सरक, हँडलचा स्क्रू फिरला की त्याच्यावरचा नट तिला हलवतो. परत म्हणजे वर्षभरात दुसऱ्यांदा. मी म्हणलं अप्पा तुम्ही नुसता नट सांगू नका, मी येऊन बघतो, तोवर कोणाला हात लावू देऊ नका.

अप्पा म्हणजे आमच्या दांडिया बाजारातले जुने शेजारी. त्यांचे आजोबा कलाभवनात शिकलेले, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं ते कलाभवन, आणि तेव्हापासून घरात मशीनचं वेड आहे. त्यांचं लेथ विलायती, दहा इंची, नेमप्लेट कधीच उडालेली, बेड मात्र अजून असा की हात फिरवला तर बरं वाटतं. सगळं इंचात. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा, हे लेथ त्याच्याही आधीचं. क्रॉस स्लाइडचा स्क्रू एक इंच डायाचा, इंचाला ५ आटे, तिरक्या बाजूंचे म्हणजे अ‍ॅक्मे, आणि डावा. डावा का, तर हँडल घड्याळाच्या दिशेला फिरवलं की टूल जॉबकडे जायला हवं, उजव्या आट्यात ते उलटं आपल्याकडे येईल. डायलवर २०० रेघा, एक रेघ एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. (ज्यांना थाऊ डोक्यात बसत नाही त्यांनी ४० थाऊ म्हणजे साधारण एक मिमी असं धरावं.)

तक्रार काय, तर पार्टिंग करताना, म्हणजे जॉबचा तुकडा कापून वेगळा करताना, टूल आत ओढलं जातं आणि तुटतं. मामा, म्हणजे अप्पांकडचा कारागीर, सगळं शेड त्याला मामाच म्हणतं, तो म्हणाला भाऊ, हँडल उलटं फिरवलं की पाव फेऱ्याच्या वर नुसतंच फिरतं, स्लाइड जागची हलत नाही.

इथं एक सांगतो. नुसता बॅकलॅश, म्हणजे हा असा रिकामा खेळ, असल्यानं मशीन भंगारात जात नाही. टूल नेहमी एकाच बाजूनं आणायचं, पुढं गेलं तर बरंच मागं घेऊन परत पुढं यायचं, एवढं पाळलं तर ५० थाऊच्या खेळातही माप येतं, जुने लोक असंच काम करायचे. पण पार्टिंगला ही युक्ती चालत नाही, कारण तिथं जॉब टूलवर चढायला बघतो आणि टूलला आत ओढतो, आणि जेवढा खेळ तेवढी स्लाइड एका झटक्यात आत जाते. टूल तुटायला तेवढं पुरतं.

आता आधीची गोष्ट. वर्षभरापूर्वी एका मिस्त्रीनं नवीन नट करून दिला होता. नट बसवला तर मधे बरा चालायचा आणि स्लाइड पार मागं नेली की जाम. मिस्त्रीनं काय करावं, तर स्क्रूला व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि हँडल पुढं मागं पुढं मागं फिरवत तासभर बसला. नट सैल झाला, सगळीकडे फिरायला लागला, "चाली जशे" (चालून जाईल) म्हणून पैसे घेऊन गेला. महिनाभर चाललंही. नंतर खेळ परत वाढत गेला, आणि पहिल्यापेक्षा भराभर.

हे ऐकलं तेव्हाच मला अर्धं कळलं होतं पण अंदाजावर काम करायचं नाही असं ठरवलेलं आहे, आधी हात पोळलेत. म्हणून मॅग्नेटिक बेसचा डायल गेज सॅडलवर, म्हणजे क्रॉस स्लाइडच्या खालच्या भागावर, लावला, टोक क्रॉस स्लाइडला टेकवलं. हँडल आत फिरवायचं, काटा हलला की थांबायचं, हँडलच्या डायलवरची रेघ वाचायची, मग हळूच उलटं फिरवायचं आणि काटा परत हलेपर्यंत किती रेघा गेल्या ते मोजायचं. एवढंच. पण हे एका जागी मोजून उपयोग नाही. लोक स्लाइड जिथं उभी असेल तिथंच मोजतात आणि तिथंच फसतात.

पाच जागी घेतलं, पुढून मागं : ४५, ५८, ६२, ५४, ४०. मामा बाजूला उभं राहून खडूनं बेडवर लिहित होता. आकडे बघितल्या बघितल्या अप्पा म्हणाले, "मग नट गेला की नाही?" म्हणलं थांबा, अजून एक माप आहे. डायल गेजचं टोक स्क्रूच्या तोंडावर लावलं, मामाला म्हणलं स्लाइड हातानं पुढं मागं ढकल, हँडल धरून ठेव. स्क्रूच्या तोंडावर काटा १२ थाऊ हलला. म्हणजे नट सोडा, स्क्रूच आपल्या जागेवर १२ थाऊ पुढंमागं होतोय, पुढच्या कॉलरमधे, म्हणजे स्क्रूला जागेवर धरून ठेवणाऱ्या कड्यात. हे १२ तर नट बदलून जाणारच नव्हते, कितीही नट करा.

मग चहाच्या कपाखालच्या कागदावर हिशेब केला. सगळ्या आकड्यातून १२ वजा : ३३, ४६, ५०, ४२, २८. सगळ्यात मागचं जे २८ आहे तिथं नट क्वचितच जातो, तिथले आटे जवळजवळ कोरे, मग तिथला खेळ हा नटाचा. नट तर सगळीकडे तोच आहे ना, तो जागेप्रमाणे बदलत नाही. मधे ५० आहेत, म्हणजे वरचे २२ हे स्क्रूचे, मधल्या आट्यांची झीज. २८ नट, २२ स्क्रू, १२ कॉलर, बेरीज ६२. आकडे सगळीकडे सारखे आले असते तर स्क्रूला हातही लावला नसता, नट आणि कॉलर करून मोकळा झालो असतो. पण इथं मधे आणि टोकाला २२ चा फरक, आणि म्हणूनच त्या मिस्त्रीचा नवा नट टोकाला जाम झाला होता, तो मधल्या झिजलेल्या आट्यांना फिट करून बनवला होता, टोकाचे जाड आटे त्याच्यात कसे मावणार. त्याचा नट चुकीचा नव्हता. स्क्रू न मोजता नट केला ही चूक.

आता पेस्ट. नट काढला आणि हॅक्सॉनं उभा कापला, अप्पा "अरे अरे" करत होते, पण तो तसाही गेलाच होता. आतली चमक पिवळी असायला हवी, इथं करडी झाक. नख फिरवलं तर खरखर. ती पेस्टची पूड ब्राँझमधे रुतून बसलेली होती. लॅपिंगचं, म्हणजे पूड लावून घासायचं, तत्त्वच असं आहे की पूड मऊ धातूत रुतते आणि कडक धातूला खाते, लॅप म्हणूनच मऊ बनवतात. तर त्या तासाभरात नट फिट झाला नाही, नटाचा लॅप झाला, आणि पुढचं वर्षभर मामा रोज हँडल फिरवून स्क्रू घासत होता. रॉकेलनं धुऊन ती पूड निघत नाही. मामाला तो कापलेला अर्धा नट दाखवला तर तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे मीच."  म्हणलं नाही रे बाबा, तू कशाला.

पुढं काय करायचं यावर अप्पांच्या ऑफिसात सेव उसळ मागवून बसलो. नवा स्क्रू हा पहिला विचार कोणाच्याही मनात येतो. पण या स्क्रूवर पॉवर फीडची गिअर त्याच्याच अंगात कापलेली आहे, शिवाय डायलची सीट, किल्लीची खाच, सगळं नव्यानं करायचं. तयार रॉड घ्यावा तर डावा, एक इंची, पाच आट्यांचा इथं आम्हाला मिळाला नाही, मेट्रिक ५ मिमी पिचचा मिळत होता. अप्पांचा भाचा म्हणाला मग तोच लावू, ५ आणि ५.०८ मधे काय फरक. फरक असा की डायल खोटं बोलायला लागेल, दर इंचाला जवळजवळ १६ थाऊ. फीडला काही होणार नाही पण मामा डायल बघून माप काढतो, त्याला रोज मनात गणित करायला लावायचं का.

दुसरा रस्ता, जुन्या स्क्रूचा आट्यांचा भाग कापून टाकायचा, गिअरच्या बाजूच्या तुकड्यात भोक बोअर करून नव्या रॉडचा स्पिगॉट, म्हणजे बारीक केलेलं टोक, बसवायचा, पिन मारायची. हे मी केलेलं आहे, चांगलं चालतं, आटे फार पातळ झाले असतील तर हेच करावं. तिसरं, भाच्यानं व्हिडिओत बघितलेलं, अ‍ॅसिटल प्लास्टिकचे दोन ठोकळे गरम करून स्क्रूवर दाबायचे, आट्यांचा छाप आपोआप पडतो, नट तयार. छोट्या घरगुती लेथला झकास आहे ते, मी नाव ठेवणार नाही, पण दहा इंची लेथवर पार्टिंगच्या झटक्याला मला त्याचा भरवसा नाही. आणि प्लास्टिक असो की ब्राँझ, स्क्रू जाड पातळ असेल तर नट टोकाला अडणारच.

म्हणून ठरलं की स्क्रूचेच आटे परत कापायचे, सगळे मधल्या सगळ्यात झिजलेल्या आट्याइतके बारीक करायचे, आणि त्या बारीक आट्यांना मापून खास नट करायचा. पाच आट्याच्या अ‍ॅक्मेत आटा मध्यरेषेवर मूळचा १०० थाऊ जाड असतो. २२ झिजलेत, सफाईला ३ धरा, राहिले ७५. पाऊण जाडी राहते. माझ्या मते दोन तृतीयांशाच्या वर राहत असेल तर स्क्रू वाचवावा, खाली गेला तर स्पिगॉटवाला रस्ता. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, पुस्तकातला नियम नाही.

स्क्रू माझ्या शेडवर आणला. आधी सरळ आहे का बघितलं, सेंटरमधे धरून डायल गेज लावला तर मधे ९ थाऊ वाकलेला. प्रेसवर हळूहळू दाबून २ वर आणला. सेंटरची भोकंही ठोकलेली होती, कोणीतरी कधीतरी हातोडीनं स्क्रू काढलाय, ती साफ केली, नाहीतर पुढचं सगळं तिरकं.

माझ्या दोन लेथांपैकी ज्याच्यावर आटे कमी पाडले जातात ते घेतलं, त्याचा लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज, म्हणजे टूलचा गाडा, ओढणारा लांब स्क्रू) कमी घासलेला आहे, कारण आता जो पिच मिळणार तो माझ्या लीड स्क्रूचा मिळणार. लीड स्क्रू इंचाला ४, पाडायचे ५, म्हणजे ४० वर ५० ची गिअर, सोपं. डावा आटा असल्यामुळं कॅरेज चककडून, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या टोकाकडून, टेलस्टॉककडे जाणार, सुरुवात गिअरजवळच्या खाचेतून.

आणि इथं मीच घाण केली. टूल घासलं, २९ अंशाच्या गेजनं तपासलं, दोनदा तपासलं (जवळ तयार ३० अंशाचं मेट्रिक टूल पडलेलं होतं, त्यानंही आट्याच्या उंचीवर थाऊभराचाच फरक पडला असता, पण स्क्रू आणि नट एकाच अंशाचे असले की मला झोप लागते). अंश बरोबर, पण बाजूचा क्लिअरन्स, म्हणजे टूल आट्याला घासू नये म्हणून ठेवायची जागा, सवयीनं उजव्या आट्याचा ठेवला. या स्क्रूचा हेलिक्स, म्हणजे आट्याचा चढ, चार अंशाच्या आसपास, डाव्या आट्यात टूलच्या उजव्या बाजूला जागा जास्त हवी. पहिल्या दोन कटला बाजू फाटल्यासारखी आली, टूल कापत नव्हतं, टाच घासत होती. वीस वर्षं हे काम करतोय. टूल काढलं, उजवी बाजू परत घासली, नशीब की दोन दोन थाऊच घेतले होते.

जुना आटा परत पकडणं हे यातलं खरं नाजूक काम. हाफ नट, म्हणजे कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा नट, लावायचा, स्पिंडल हातानं पुढं फिरवायचं म्हणजे गिअरांचा सगळा खेळ एका बाजूला जातो, मगच कंपाउंड स्लाइडनं (टूलखालची छोटी सरक) टूल खाचेच्या मधोमध आणायचं. कंपाउंड आडवी, स्क्रूला समांतर ठेवली, म्हणजे तिच्या डायलवर सरळ बाजूची मापं मिळतात. आट्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे कारागिराच्या पलीकडच्या बाजूला, झीज जास्त होती, कारण टूल आत ढकलतानाही तीच बाजू जोर खाते आणि टर्निंगचा धक्का मागं येतो तोही तिच्यावरच. त्या बाजूनं १८ काढले, अलीकडच्या बाजूनं ७. ट्रॅव्हलिंग स्टेडी (टूलबरोबर सरकणारा आधार) लावलेली, कटिंग ऑइल सोडून, हाफ नट अजिबात न उघडता प्रत्येक वेळी मोटर उलटी करून परत यायचं. दोन दोन थाऊ. शेवटच्या तीन कटला आवाज बदलला, आधी मधे कापायचं नाही आणि टोकांना कापायचं, आता पूर्ण लांबीभर एकसारखा सरसर आवाज आला, तेव्हा समजलं सगळे आटे एका जाडीवर आले. वायरनं मोजलं, पण खरं सांगायचं तर कानानं आधीच कळलं होतं.

नटाला फॉस्फर ब्राँझचा गोल बार घेतला. सगळ्यात महाग तुकडा हाच. नट अडीच इंच लांब, भोक २०.३ मिमी, त्यात बारीक बोअरिंग बारनं डावा आटा पाडायचा म्हणजे बार थरथरतो. म्हणून आधी त्याच लेथवर, त्याच गिअरवर ओएचएनएस या तेलात कडक होणाऱ्या स्टीलचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, केला. स्क्रूचा आटा बारीक झालाय तर नटाची खाचही बारीक हवी, टूलचं टोक मूळच्या पावणेदोन मिमीऐवजी १.१ मिमी. टॅपचा आटा स्क्रूच्या आट्यापेक्षा ३ थाऊ जाड, तोच चालायचा खेळ. चार खाचा मिलिंगवर, पुढून निमुळता, ८०० अंशाच्या आसपास लाल करून तेलात, मग गवती पिवळा रंग येईपर्यंत परत तापवला. कडक करताना टॅपचा पिच किंचित हलू शकतो, त्यामुळं नटात आधी टूलनं बराचसा आटा पाडून घेतला आणि टॅप शेवटच्या सफाईलाच घातला. नटाला वरून आडवा काप देऊन एक सॉकेट स्क्रू ठेवलाय, पुढं झिजला तर तो कसून थोडं घेता येईल. आता स्क्रू सगळीकडे सारखा आहे म्हणून त्या कापाला अर्थ आहे, आधीच्या स्क्रूवर कसला असता तर परत टोकाला जाम.

कॉलरचं काम अर्ध्या तासाचं. तोंड ओरखडलेलं होतं, फेसिंग केलं, ब्राँझचा वॉशर तेवढा जाड केला, २ थाऊ ठेवले. या अर्ध्या तासात ६२ पैकी १० गेले आणि हे कोणी वर्षापूर्वीही करू शकलं असतं.

बसवताना एक गोष्ट, जी मला माझ्या उस्तादांनी शिकवली. नटाचे बोल्ट ढिले ठेवून स्लाइड पुढं, हँडलकडच्या बेअरिंगच्या जितकी जवळ येईल तितकी आणायची आणि तिथं कसायचे. मागं कसले तर स्क्रू लांब असल्यामुळं लवतो, चुकलेलं कळत नाही, आणि मग पुढं आलं की जड. आमचा नट उंचीत ४ थाऊ कमी निघाला, पुढं आणल्यावर हँडल जड झालं म्हणून कळलं, खाली शिम, म्हणजे पातळ पत्रा, टाकली, मोकळा.

परत पाच जागी मोजलं : ७, ६, ७, ६, ८. खडूची जुनी ओळ अजून बेडवर होती, मामानं तिच्या खालीच लिहिलं. आता सहा महिने झाले, परवा गेलो तेव्हा ८ आणि ९ येत होते, सॉकेट स्क्रूला अजून हात लावलेला नाही. पार्टिंगचं टूल या काळात एकदाच तुटलं आणि ते मामाच्या म्हणण्याप्रमाणे फोनमुळं.

पण पहिल्या दिवशीची गंमत राहिली. लेथ चालू केल्यावर दुपारी मामाचा फोन, "भाऊ, काहीतरी बिघडलंय, माप येत नाही, जॉब मोठाच राहतोय." गेलो. मामा एक बूश टर्न करत होता, टूल दोन रेघा पुढं गेलं की सवयीनं हँडल तिसरा हिस्सा उलटं फिरवायचा, जुना खेळ काढायला, आणि तिथून पुढं मोजायचा. पूर्वी त्या तिसऱ्या हिश्शात स्लाइड हलायचीच नाही. आता ती इमानदारीत ६० थाऊ मागं येत होती. त्याला दाखवलं तर कपाळाला हात लावून हसला, आणि माझ्यासमोरच पुढच्या जॉबला हात परत तिसरा हिस्सा उलटा गेला. अप्पा सांगतात अजूनही कधी कधी जातो.